आज तर मंगळवार आहे

आई : मुलांना घेऊन प्रवास करावा तो एवढ्याचसाठी, असं मला त्या दिवशी वाटलं, गुरुजी. आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. कऱ्हाड मागे पडलं आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी अडकली. रस्त्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा, म्हणजे झोपड्यांचा, तळ होता, पलीकडे उसानं लादलेल्या बैलांच्या टायरगाड्या. एका कोपीपुढे माझ्या लेकीएवढीच, साडेपाच वर्षांची असेल, अशी एक मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. लेक काचेला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तिला शाळा नाही का? आज तर मंगळवार आहे." अंबाबाईचं दर्शन आणि पन्हाळा यांसाठी आम्ही तिची शाळा चार दिवस बुडवली होती, म्हणून वार तिच्या डोक्यात पक्का होता. घरी राहिलो असतो तर हा प्रश्न तिला कधी पडला असता? आमची सोसायटी, तिची शाळा, वाढदिवसाला येणारी मुलं, सगळं एकसारखं. तिच्याहून वेगळं जगणारं मूल तिच्या दिवसात कुठे येतच नाही. मी गाडी बाजूला घ्यायला लावली. साताऱ्यात घेतलेला कंदी पेढ्यांचा पुडा लेकीनं स्वतःच्या हातानं त्या मुलीला दिला. तिनं तो घेतला. गाडीत परत बसल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, शाळा बुडवून निघालो, पण आज ही काहीतरी शिकली.

गुरुजी : शिकली असेल. पण ताई, तुमच्या सांगण्यात त्या दुसऱ्या मुलीच्या वाट्याला किती वाक्यं आली, बघा. ती उभी होती आणि तिनं पुडा घेतला. बाकी सगळं तुमच्या लेकीचं. मी धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत २९ वर्षं शिकवलं. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गाची हजेरी निम्म्यावर यायची; उरलेली पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. आमच्याकडे शहरातून पाहुणे यायचे. वह्या, दप्तरं, खाऊ आणायचे, बरोबर आपली मुलं आणायचे. मी माझ्या पोरांना ओळीत उभं करायचो आणि फोटो निघायचे. "बघ, ही मुलं कशात शिकतात," असं आमच्या पोरांच्या देखत त्यांच्या मुलांना सांगितलं जायचं. तिसरीतली एक मुलगी वहीसाठी हात पुढे करायची, पण मान दुसरीकडे वळवून. फोटोत तिचा चेहरा कधी यायचा नाही. मी तिला दोनदा रागावलो. तिचं म्हणणं मला फार उशिरा कळलं. वही तिला हवी होती, पण दुसऱ्याच्या मुलाचा धडा व्हायची तिची तयारी नव्हती. आणि धडा म्हणजे काय? वाचून झाला की आपण पान उलटतो.

आई : तुम्हाला ते खुपतं, हे कळतंय. पण तुमचं मानायचं तर मी करायला काय हवं होतं? मोबाईल तिच्या हातात देऊन तिची नजर वळवायची? मुलं आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या मानेकडे बघून शिकतात, गुरुजी. सिग्नलला काचेवर टकटक होते आणि आपण समोर बघत राहतो, तेव्हा मागे बसलेलं मूल आपली न हललेली मान बघत असतं. काही माणसं असतात, पण ती दिसल्याचं दाखवायचं नसतं, एवढं त्याला कुणी न शिकवता कळतं. एकदा ते कळलं की ते मूल मोठेपणी कसं वागेल, हे मी माझ्याच पिढीत बघते आहे. त्यापेक्षा अवघडत का होईना, बघितलेलं बरं. तुमच्या पाहुण्यांचं चुकलं असेल, पण ते आले तरी. जे कधी आलेच नाहीत त्यांच्या मुलांना धारूर कुठे आहे, हेसुद्धा ठाऊक नाही.

गुरुजी : बघू नये असं मी म्हणत नाही. दिसणं वेगळं, दाखवणं वेगळं. तुमच्या लेकीला दिसलं आणि तिला प्रश्न पडला. तिथपर्यंत सगळं निर्मळ आहे. तिचा प्रश्नही किती नेमका! तिनं कपड्यांबद्दल विचारलं नाही, घराबद्दल विचारलं नाही. शाळेचा वार आहे आणि शाळेच्या वयाची मुलगी शाळेत नाही, ही विसंगती तिनं पकडली. एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यानं विचारावा असा तो प्रश्न होता. पुढे मोठं माणूस त्या प्रश्नात आपला अर्थ भरतं आणि खरी गडबड तिथे सुरू होते. गाडीत बसल्यावर तुम्ही तिला काय सांगितलंत?

आई : "बघ, आपण किती नशीबवान आहोत." हेच सांगितलं. पानात भाजी टाकली की माझी आई मला हेच सांगायची. आपल्याला मिळालेल्याची जाणीव असावी, एवढाच माझा हेतू. पण लेकीनं विचारलं, "मग ती नशीबवान का नाही? तिनं काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नशीब म्हटलं की कुणीतरी ते वाटतं आहे असं होतं, आणि ज्याला कमी मिळालं त्याचंच काही चुकलं असणार, असं मुलाला वाटतं. मी घाईघाईनं शब्द बदलला. म्हटलं, त्यांच्या गावाकडे पाऊस कमी पडतो, शेतात काही पिकत नाही, म्हणून तिचे आईबाबा इकडे कामाला येतात. हे तरी खरं आहे ना?

गुरुजी : अर्धं खरं आहे. नशीब काढून तुम्ही पाऊस घातलात, आणि दोन्ही आभाळातूनच पडतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची जमीन हलकी, शेती कोरडवाहू, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर उसाला जाणाऱ्यांचा ओघ वाढला, हे बरोबर. पण आमच्याही जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत. पाणी कुणाच्या रानात जायचं, हे माणसंच ठरवतात. त्याच्या पुढचा हिशेबही माणसांचाच आहे. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि त्या जोडीला म्हणतात एक कोयता. राबायला माणसं दोन, हिशेबाला कोयता एक. बाईच्या नावानं वेगळा पैसा नाही. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून ट्रॉली भरायची. ट्रॉली रात्री आली तर रात्री भरायची. एवढं करून जोडीचा दिवसाचा ऊस होतो दीड-दोन टन. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तरी टनाला पडतात साडेतीनशे रुपयांच्या थोडं वर. एक दिवस चुकला की खाडा. त्या दिवसाचं काम तर बुडतंच, वर दंड कापला जातो. आता तुमच्या लेकीचा प्रश्न घ्या : तिनं काय केलं? तिनं भाऊ सांभाळला, म्हणून तिच्या आईला ऊस तोडता आला. ती पोर तिथे रिकामी उभी नव्हती, ताई. ती कामावर होती.

आई : हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण पाच वर्षांच्या मुलीला हे सांगायचं कसं? मी रात्री प्रयत्न केला. म्हटलं, तिचे आईबाबा खूप काम करतात आणि त्यांना थोडे पैसे मिळतात. लेक म्हणाली, कोण देतं? म्हटलं, कारखाना. कारखान्यात काय होतं? साखर. ती थांबली, मग म्हणाली, "आपली साखर? मग आपण दुकानात जास्त पैसे देऊ या." आता काय सांगू? दुकानदाराला दिलेले जास्तीचे दहा रुपये त्या कोपीपर्यंत पोचणार नाहीत, हे तिला कोणत्या शब्दांत सांगू? मोठ्या माणसाची खरी अडचण इथे आहे. मुलाचा पुढचा प्रत्येक प्रश्न आपल्याकडे काहीतरी करण्याची मागणी करतो. नशीब हा शब्द आपल्या तोंडी येतो तो बहुधा यासाठीच, की त्यापुढे प्रश्न थांबतात. आणि मला भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी आम्ही एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो होतो. तिथे पैसे भरून बैलगाडीची फेरी होती. लेक गाडीत बसेना. "ती मुलगी अशाच गाडीतून जाते का?" एवढंच विचारत राहिली. जगाच्या हिशेबाचं ओझं मी एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर ठेवलं का? तिला हसतखेळत बैलगाडीत बसायचाही हक्क आहे ना?

गुरुजी : आहेच. पण ती बसली नाही याला तुम्ही दुःख म्हणता, मी विचार म्हणेन. एका मुलीला जी गाडी गंमत म्हणून मिळते, तीच दुसरीला पहाटेच्या थंडीत उसाच्या मोळीवर झोपायला मिळते. हे दोन तुकडे तिनं स्वतः जोडले. तिच्या मनात जुळलेलं आपण घाईनं सोडवू नये. ओझं कशाचं होतं? "तुझ्यामुळे" असं मुलाला वाटलं तर. ते मात्र होऊ देऊ नका. पाच वर्षांच्या मुलानं कुणाची मजुरी कापलेली नाही. पण आपलं बोलणं चाललंय तसा मला आपल्या दोघांचाही एक दोष दिसायला लागलाय. लहान मूल बरोबर घेऊन प्रवासाला निघालेली आई त्या रस्त्यावर एकच होती, असं धरून आपण बोलतोय. दोन होत्या, ताई. तुमचा प्रवास चार दिवसांचा, तिचा पाच महिन्यांचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला संसार ट्रॅक्टरवर चढतो. धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, कोयते, आणि त्या सगळ्यावर पोरं. रात्रभर ती आई मुलाला गार वाऱ्यात पदराखाली धरून बसते. आपण तुमच्या जाण्याला प्रवास म्हणतो आणि तिच्या जाण्याला स्थलांतर. पहिल्या शब्दाच्या आठवणी होतात, दुसऱ्याचे अहवाल. माझी पोरं उन्हाळ्यात परतायची तेव्हा कृष्णा, पंचगंगा, कऱ्हाड, सांगली, बेळगाव ही नावं नकाशा उघडण्याआधीच त्यांना ठाऊक असायची. मी त्यांना पाढे विचारायचो, पाठ नसले की मागे बसवायचो. तुम्ही काय पाहिलंत, हे मी एकदाही विचारलं नाही. पाहुण्यांना मी कशाला दोष देऊ? त्या पोरीनंही तुमच्या गाडीत बघितलं असेल. तिनं रात्री तिच्या आईला काय विचारलं असेल? ते तिच्याच तोंडून यायला हवं. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तेच दुसऱ्या कुणी तिच्याविषयी लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला दया आली असती. तिनं स्वतः लिहिलं, म्हणून वाचणाऱ्याला जाब द्यावा लागला.

आई : दोन आया. खरंच, मी तिच्या आईचा विचारच केला नाही. ती उसात असणार. मग बरोबरीनं भेटायचं कसं, गुरुजी? प्रवासी प्रवाशाला विचारतो, तसं? कुठून आलात, कधी निघालात, परत कधी जाणार? माझ्या लहानपणी एसटीत हे आपोआप व्हायचं. तिघांच्या बाकावर पाच जण बसायचे, शेजारणीचं पोर आईच्या मांडीवर झोपायचं. कुणी भाकरीचा तुकडा पुढे केला तर त्यात उपकार नसायचा. पुढच्या फाट्यावर ती माणसं चिवडा पुढे करायची. अर्ध्या तिकिटाचं पोर ते अर्ध्या तिकिटाचं पोर, मग ते कुणाचं का असेना. आता आमची गाडी आमच्यापुरती, काच वर, आत गारवा. प्रवास आम्ही इतका वाढवला, पण प्रवासात भेटणारी माणसं कमी केली. पुढच्या खेपेला लेकीला एसटीनं न्यावं, असं मनात येतं.

गुरुजी : न्या. पण धडा म्हणून नेऊ नका, नाहीतर बाकावरची शेजारीण पुन्हा तुमच्या लेकीचं पाठ्यपुस्तक होईल. फाट्यावर उतरून गाडी बोलावणं ज्याला परवडतं, त्याच्यासाठी एसटी हा एक अनुभव आहे. शेजारणीसाठी तेवढी एकच वाट आहे. एका बाकावर बसल्यानं हा फरक पुसला जात नाही. आणि विचारपूस म्हणाल, तर तिच्या वेळेला दर आहे. तुम्ही उसाच्या फडात जाऊन कुठून आलात म्हणून विचारलंत तर मोळी खाली ठेवून तिला उत्तर द्यावं लागेल. तेवढ्यात ट्रॉली भरायची राहिली तर बोलणी तिला बसतील, तुम्हाला नाही.

आई : नाही, इथे मला तुमचं पटत नाही. बघितलं तर पेढे देऊ नका, दिले तर सांगू नका, सांगितलं तर चूक सांगितलं, विचारलं तर तिचा वेळ गेला. एकेक वाट तुम्ही बंद करत आणलीत. शेवटी उरतं काय? वर केलेली काच. इतक्या काटेकोरपणाचा फायदा माझ्यासारख्यांनाच होतो. काहीच न करण्याला एक भारदस्त कारण मिळतं. आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही, कारण ती सांगायची मला लाज वाटत होती. पेढे घेतल्यावर ती मुलगी तशीच उभी राहिली नाही. माझ्या लेकीनं बाळाचं नाव विचारलं, ते तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, "तुझं बाळ कुठंय?" लेक म्हणाली, मला बाळ नाही. त्या मुलीला याचं खरंच वाईट वाटलं, गुरुजी. तिच्या तोंडावर दिसलं. तिनं भावाला कडेवरून काढला, पुढे केला आणि म्हणाली, "घे थोडा वेळ." लेकीनं हात पसरले होते. मी म्हटलं, "नको नको, पडेल तो," आणि तिला मागे ओढलं. पडायची भीती हे खरं कारण नव्हतं. बाळाचं नाक वाहत होतं, अंगावर धूळ होती. तिच्याकडे जे होतं ते ती देत होती आणि मी ते माझ्या मुलीला घेऊ दिलं नाही. द्यायचं काम मी आमच्याकडेच ठेवलं.

गुरुजी : हे तुम्ही सांगितलंत म्हणून मला माझंही काही मागे घ्यावं लागतंय. मी मोठ्यांच्या चुका त्या दोन मुलींच्या माथी मारत होतो. त्या दोघींत धडा कुणी कुणाचा नव्हता. एकीकडे पेढे होते, एकीकडे बाळ होतं. आणि त्यांच्यातला मोठा दाता कोण होता, हे सांगायला नको. पण ताई, ते बाळ म्हणजेच सगळा प्रश्न आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो आहे. पुढच्या वर्षी तो या दोघींना सारखाच लागू होईल. गाव सोडून जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड द्यायचो, म्हणजे जातील तिथल्या शाळेनं त्यांना बसवून घ्यावं. कारखान्यांवर साखरशाळा होत्या. कायदा आल्यावर त्या मागे पडल्या, कारण मुलं नेहमीच्या शाळेत यावीत असं ठरलं. गावात राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं झाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली. एकही गोष्ट वाईट हेतूनं केलेली नाही. पण सहा वर्षांच्या पोरीच्या हातात मी हमी कार्ड ठेवायचो, तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात बाळ असायचं. आई उसात गेल्यावर ते खाली कुठे ठेवायचं, हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नव्हतं. तळावर पाळणाघर असेल आणि आईच्या राबण्याचा हिशेब तिच्या नावानं होईल, तेव्हा त्या पोरीचे हात मोकळे होतील. हे गाडीतून उतरून होणारं काम नाही, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. पण तुमच्या लेकीनं ते बाळ दोन मिनिटं घेतलं असतं तर तिचे हात दुखले असते. ती मुलगी शाळेत का नाही, हे तिला माझ्या आकड्यांपेक्षा लवकर कळलं असतं.

आई : आणि मी तिचे हात मागे ओढले. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार आहोत. लेक तोवर पहिलीत गेलेली असेल. ती पुन्हा विचारेल, तिला शाळा नाही का?

गुरुजी : तेव्हा खरं सांगा. तिला शाळा आहे. इथून अडीच-तीनशे किलोमीटरवर आहे. तिथल्या हजेरीपटावर तिचं नाव आहे आणि आज सकाळी गुरुजींनी ते पुकारलं असेल.

आई : त्यावर ती विचारेल, मग तिला तिथे कोण नेणार? आणि बाळ कोण घेणार?

गुरुजी : विचारू दे. मी रोज ते नाव पुकारायचो, उत्तर यायचं नाही, गैरहजर मांडायचो आणि पुढचं नाव पुकारायचो. २९ वर्षं. त्या दोन नावांच्या मध्ये मी कधी थांबलो नाही. तुम्ही निदान तेवढं थांबा.

आई : थांबेन. पण पुढच्या ट्रॉल्या हलल्या की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागतात, गुरुजी. लेक माझ्याकडे बघत असते. तेवढ्या वेळात तिला काय सांगायचं, आणि सांगून झाल्यावर स्वतः काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.